परदेशी कंपनीच्या दारापर्यंत कामगाराची तक्रार कशी न्यायची

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित एमआयडीसीत ओतलेलं कास्टिंग परदेशी ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये, पंपात जाऊन बसतं. इचलकरंजीत विणलेलं कापड दोन-तीन हात बदलून परदेशी ब्रँडच्या शर्टाला लागतं. फेटलिंगला (कास्टिंगचे जास्तीचे कंगोरे घासायला) ग्राइंडर धरणाऱ्या माणसाची हजेरी मात्र ठेकेदाराच्या वहीत असते. ओटीचे (ओव्हरटाइमचे) पैसे बुडाले की ठेकेदार म्हणतो कंपनीने बिल काढलं नाही, कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा, आणि ज्याच्या ऑर्डरसाठी रात्रपाळी चालली त्या खरेदीदाराचं नावही कामगाराला ठाऊक नसतं.

ही साखळी खालून वर चढता येते. त्यासाठी लागणारे कायदे आणि तक्रारीच्या वाटा आज उपलब्ध आहेत. पण एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा: परदेशी खरेदीदाराच्या नावाचा धाक इथल्या कागदांवर उभा असतो. कोल्हापुरातल्या कार्यालयाचा आवक क्रमांक, कामगाराच्या हातातली हजेरीची नोंद आणि रुपयांत मांडलेला हिशेब, या तीन गोष्टींशिवाय जर्मनीला किंवा फ्रान्सला पाठवलेलं पत्र पहिल्याच टेबलावर पडून राहतं.

कायद्याने जबाबदार कोण

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या: वेतन संहिता २०१९, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता. जुने केंद्रीय कामगार कायदे त्यात विलीन झाले. अर्ज लिहिताना थकबाकी या तारखेआधीची असेल, तर त्या काळासाठी जुन्या कायद्याचा (वेतन प्रदान १९३६, किमान वेतन १९४८, कंत्राटी कामगार १९७०) उल्लेखही ठेवा. जुन्या काळाची मुदत वेगळी मोजली जाऊ शकते, म्हणून त्या भागाला अजिबात उशीर करू नका.

कंत्राटी कामगारासाठी सगळ्यात उपयोगाचं कलम आहे वेतन संहितेचं ४३. मजुरी देण्याची जबाबदारी नेमणाऱ्याची, म्हणजे ठेकेदाराची. पण त्याने दिली नाही, तर ज्या आस्थापनेत काम चालतं तिच्या मालकावर ती येते. व्यावसायिक सुरक्षा संहितेचं कलम ५५ हेच मुख्य मालकाबद्दल सांगतं, पण त्यातला कंत्राटी कामगारांचा भाग ५० किंवा जास्त कामगारांना लागू आहे. इथेच पळवाट निघते. एकाच शेडमधले ९० कामगार ४५-४५ करून दोन नावांच्या ठेकेदारांकडे दाखवले जातात. कधी दोन्ही ठेकेदार एकाच घरातले असतात. अशा वेळी ५५ वर वाद घालत बसू नका. ४३ ला कामगारसंख्येची अट नाही, अर्ज त्याखाली करा. दोन्ही ठेकेदारांचा सुपरवायझर, गेटपास आणि हजेरीचं मशीन एकच आहे हे दाखवता आलं तर ५५ चा मुद्दा जोडीला ठेवा.

व्यावसायिक सुरक्षा संहितेच्याच कलम ५७ ने मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यावर बंदी घातली आहे, पण अपवाद इतके आहेत की हा मुद्दा लढायला वेळ लागतो. थकलेले पैसे आधी वसूल करा, मग त्याकडे वळा.

बाकीच्या तरतुदी थोडक्यात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत. ओव्हरटाइम किमान दुप्पट दराने आणि कामगाराच्या संमतीने. सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त नाही. वेतनचिठ्ठी आणि नेमणूकपत्र हे हक्काचे कागद आहेत, मालकाची मेहरबानी नव्हे. आणि एक महत्त्वाची गोष्ट: पगार, बोनस दिला नाही, कमी दिला किंवा बेकायदा कापला अशी तक्रार असेल, तर 'दिला होता' हे सिद्ध करण्याचा भार वेतन संहितेच्या कलम ५९ ने मालकावर टाकला आहे.

खरेदीदाराचं नाव शोधणं

फाउंड्रीत नाव कास्टिंगवरच असतं. पॅटर्नमध्ये (साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्यात) खरेदीदाराचा लोगो किंवा पार्ट नंबर कोरलेला असतो, तो ओतताना उमटतो. शेजारी हीट नंबर, म्हणजे धातू कोणत्या खेपेत वितळवला त्याचा क्रमांक, असतो. डिस्पॅचच्या लाकडी पेट्यांवरच्या स्टिकरवर पुरवठादार कोड, पर्चेस ऑर्डर क्रमांक आणि ज्या बंदरातून किंवा शहरात माल जायचा त्याचं नाव असतं. मशीन शॉपमध्ये लावलेल्या तपासणी तक्त्यावर ग्राहकाचं नाव सर्रास दिसतं. कपड्याच्या युनिटमध्ये गळ्याच्या लेबलवर ब्रँड, आणि अमेरिकेला जाणाऱ्या मालावर बहुधा 'आरएन' अक्षरांपुढे आकडा असतो. तो आकडा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या वेबसाइटवर टाकला की नोंदणीकृत कंपनी समजते.

हे सगळं वहीत लिहून घ्या. पार्ट, ड्रॉइंग किंवा स्टिकर बाहेर नेऊ नका. ड्रॉइंगचा फोटो काढला तर 'गोपनीय माहिती चोरली' म्हणून चार्जशीट मिळते आणि पगाराची लढाई बाजूला पडून चोरीच्या आरोपाला उत्तर देण्यात महिने जातात. डोळ्यांनी वाचलेला नंबर घरी जाऊन लिहिला तर तो गुन्हा नाही.

मग बाहेरून पडताळणी. ओपन सप्लाय हब नावाच्या मोफत संकेतस्थळावर कारखान्याचं नाव किंवा गाव टाकलं की कोणत्या ब्रँडने तो पुरवठादार म्हणून जाहीर केला ते दिसतं. कपडे आणि पादत्राणांची माहिती तिथे भरपूर आहे, कास्टिंगची कमी. कारखाना शेअर बाजारात नोंदलेला असेल तर वार्षिक अहवालात मोठ्या ग्राहकांची नावं सापडतात. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर 'आमचे ग्राहक' म्हणून लोगोंची रांग असते. त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण तक्रार गेली की ते पान पहिल्यांदा बदलतं.

कागदावर साखळी काढा: ठेकेदार, कारखाना, त्याच्याकडून माल घेणारी मोठी कंपनी (बहुतेकदा पुण्यातली किंवा चेन्नईतली), आणि तिच्या वरची परदेशी कंपनी. प्रत्येक कडीसमोर पुरावा कोणता ते लिहा. एखाद्या कडीला पुरावा नसेल तर ती कडी 'माहितीनुसार' म्हणून नोंदवा, खात्रीचं विधान करू नका. चुकीच्या ब्रँडचं नाव घेतलं तर बदनामीची नोटीस येते, आणि खऱ्या खरेदीदाराला सुटायला जागा मिळते.

पुरावा कसा जमवायचा

हजेरीची खासगी वही ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात ताकदीची वस्तू. रोज, त्याच दिवशी, पेनने: तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, विभाग, सुपरवायझर. महिन्याअखेर एका बैठकीत आठवून भरलेली वही उलटतपासणीत टिकत नाही. एकाच शाईची, एकाच हस्ताक्षराची पानं पाहून समोरचा वकील लगेच ओळखतो. दोघा-तिघांनी वेगवेगळ्या वह्या ठेवल्या आणि त्या जुळल्या, तर त्यांचं वजन कितीतरी वाढतं.

जोडीला बँकेचं पासबुक (पगार रोख मिळत असेल तर तेही वहीत), वेतनचिठ्ठी, गेटपास, ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेले 'आज रात्री थांबायचं आहे' असे निरोप. चॅटचा फक्त स्क्रीनशॉट नको; चॅट एक्स्पोर्ट करून दुसऱ्या ठिकाणी ठेवा आणि फोन बदलू नका, कारण मूळ फोन मागितला जाऊ शकतो.

पीएफची नोंद उमंग ॲपवर पाहता येते. चिठ्ठीवर कपात दिसते पण पासबुकात महिना कोरा आहे, हा प्रकार ठेकेदारीत फार आढळतो, आणि तो सिद्ध करायला दोन कागद पुरतात. ईएसआयचं (राज्य कामगार विम्याचं) तसंच: दहा किंवा जास्त कामगार आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के भरले गेलेच पाहिजेत.

फाउंड्रीतल्या कामगाराने एक कागद आवर्जून मागावा: वार्षिक आरोग्य तपासणीचा अहवाल आणि छातीचा एक्स-रे. शेकआउट (साच्यातून कास्टिंग झटकून काढणं), फेटलिंग आणि वाळूच्या विभागात सिलिकाची बारीक धूळ असते. ती डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीपेक्षाही बारीक असते, फुप्फुसात खोल बसते आणि परत निघत नाही. तपासणीची गाडी येते, एक्स-रे निघतात, अहवाल कंपनीच्या कपाटात राहतात. पुढे दम लागायला लागला की दवाखान्यात टीबी समजून उपचार चालतात, कारण सिलिकोसिसचा एक्स-रे टीबीसारखा दिसू शकतो. 'मी किती वर्षं फाउंड्रीत कुठल्या विभागात होतो' हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. सिलिकोसिस हा व्यवसायजन्य आजार म्हणून कायद्यात नोंदलेला आहे; निदानाचा कागद आणि नोकरीचा कागद दोन्ही असले तरच ईएसआयचा अपंगत्व लाभ मिळण्याची वाट मोकळी होते.

हिशेब रुपयांत मांडा

'आमचं शोषण होतंय' या वाक्यावर कुठलाच अधिकारी आदेश काढू शकत नाही. आकडा काढा. उदाहरण घेऊ: मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १५,६०० रुपये. २६ ने भागलं की दिवसाचे ६००, आठ तासांनी भागलं की तासाचे ७५. ओव्हरटाइमचा दर १५०. महिन्याला ४८ तास ओटी झाली आणि ती सिंगल दराने दिली, तर तासामागे ७५ रुपये बुडाले, महिन्याचे ३,६००, वर्षाचे ४३,२००. वीस कामगार असतील तर ८,६४,०००. हा आकडा पाहिल्यावर कारखान्याचा एचआर आणि परदेशातला खरेदी विभाग, दोघेही वेगळ्या नजरेने अर्ज वाचतात.

चिठ्ठीवर मूळ वेतन लहान आणि भत्ते मोठे दिसत असतील तर नवी व्याख्या लावून पाहा: वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. म्हणजे पीएफ, ग्रॅच्युइटी, ओटी यांचा पाया वाढतो.

इचलकरंजीतल्या यंत्रमागावर हिशेब तासाचा नसतो, ५२ पिकाला (पीक म्हणजे कापडातला आडवा धागा) मीटरमागे किती पैसे असा असतो. तिथे मीटरची नोंद, दर आणि मागांची संख्या वहीत हवी. पीसरेटवर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाखाली ठेवता येत नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा.

कोल्हापुरातले अर्ज आणि त्यांचा क्रम

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे. सदस्य जास्तीत जास्त दहा, कामगार आणि मालकाचे समान. तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. समितीने ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. समितीच नसेल तर 'समिती स्थापन नाही' हे वाक्य पुढच्या प्रत्येक अर्जात पहिल्या परिच्छेदात टाका; खरेदीदाराच्या आचारसंहितेतही तक्रार यंत्रणा सक्तीची असते, आणि तिथे हे वाक्य फार बोचतं.

पगाराचा दावा सहायक कामगार आयुक्त कार्यालयात न्या. दावा दाखल करायला तीन वर्षांची मुदत आहे. कितीही कामगार मिळून एकच अर्ज करू शकतात, नोंदणीकृत युनियनही त्यांच्या वतीने करू शकते. प्राधिकारी थकबाकीबरोबर दाव्याच्या दहा पटीपर्यंत नुकसानभरपाई देऊ शकतो, म्हणून अर्जात ती मागा. न मागितलेलं सहसा मिळत नाही. प्रतिवादी म्हणून ठेकेदार आणि कारखाना दोघांची नावं घाला. एकट्या ठेकेदाराविरुद्ध केलेला अर्ज जिंकूनही हाती काही येत नाही, कारण तोवर तो फर्मचं नाव बदलून दुसऱ्या शेडमध्ये गेलेला असतो.

पीएफसाठी भविष्य निर्वाह निधी कार्यालय, आणि ऑनलाइन तक्रार पोर्टलवर समांतर नोंद. धूळ, यंत्राला गार्ड नसणं, भट्टीजवळची दुर्घटना यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. या तक्रारीत जागा नेमकी लिहा: 'फेटलिंग शेड, पश्चिमेकडील तिसरा ग्राइंडर, डस्ट कलेक्टर बंद, अमुक तारखेपासून'. मोघम लिहिलं की निरीक्षक येतो, त्याला ऑफिसातून फिरवून परत पाठवलं जातं.

लैंगिक छळाची तक्रार वेगळ्या मार्गाने जाते: दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती, नसतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि मुदत तीन महिने. ही मुदत कापड आणि गारमेंट युनिटमधल्या अनेक बायकांना कळते तेव्हा उलटून गेलेली असते. समिती सबळ कारण पाहून आणखी तीन महिने वाढवू शकते, तेव्हा उशीर झाला तरी अर्ज द्या आणि कारण लिहा.

काढून टाकलं असेल तर आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. त्यासाठी जास्तीत जास्त मुदत कामावरून काढल्यापासून दोन वर्षं. समेटाची कार्यवाही सुरू असताना त्या वादाशी संबंधित कामगाराच्या सेवाशर्ती बदलता येत नाहीत, म्हणूनच खरेदीदाराला पत्र पाठवण्याआधी हा अर्ज दाखल झालेला असावा. तो ढालीचं काम करतो.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. प्रकरण उच्च न्यायालयात गेलंच तर आता मुंबई गाठायला लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे.

सात कामगार मिळून युनियनच्या नोंदणीचा अर्ज करू शकतात; आस्थापनेतले दहा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे सदस्य लागतात. पुढचं सगळं युनियनच्या लेटरहेडवर गेलं तर एकट्याचं नाव पुढे येत नाही.

खरेदीदाराला पत्र

एक पान, त्याला जोडपत्रं. विशेषणं नाहीत, धमकी नाही. मराठीत लिहा आणि शेजारी इंग्रजी भाषांतर ठेवा. मूळ मजकूर तुमच्या भाषेतला असला तर पुढे 'तुम्ही असं म्हटलं होतं' या वादात तोच ग्राह्य धरायला सांगता येतं. साचा असा:

'आपणास माल पुरवणाऱ्या अमुक कारखान्यात (पत्ता, पुरवठादार कोड) आम्ही वीस कामगार ठेकेदारामार्फत फेटलिंग विभागात काम करतो. आपला पार्ट क्रमांक अमुक याच विभागातून जातो. जानेवारी ते डिसेंबर या काळात दरमहा सरासरी ४८ तास ओव्हरटाइम झाला. वेतन संहिता २०१९ च्या कलम १४ नुसार तो दुप्पट दराने देय असताना एकेरी दराने दिला गेला. थकबाकी ८,६४,००० रुपये. तपशील जोडपत्र एकमध्ये. सहायक कामगार आयुक्त, कोल्हापूर यांच्याकडे अमुक तारखेला अर्ज दाखल आहे, आवक क्रमांक अमुक. आमची मागणी: ३० दिवसांत थकबाकी बँक खात्यात जमा व्हावी, तक्रार केल्याबद्दल कोणालाही काढू नये, पुढील ऑर्डरच्या दरात दुप्पट ओव्हरटाइमचा खर्च धरला जावा, आणि या तक्रारीमुळे आपण ऑर्डर बंद करू नये. कामगारांची नावे कारखान्याला कळवू नयेत.'

शेवटून दुसरी मागणी कधीही गाळू नका. ऑर्डर बंद करून हात झटकणं हा खरेदीदारासाठी सगळ्यात सोपा मार्ग असतो, आणि त्यात कामगाराची नोकरीच जाते. संयुक्त राष्ट्रांची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीची मार्गदर्शक सूत्रं, दोन्हींची दिशा एकच आहे: खरेदीदाराने आधी आपलं वजन वापरून सुधारणा घडवावी, नातं तोडणं हा शेवटचा उपाय. पत्रात याचा एका ओळीत उल्लेख करा. दराची मागणीही तितकीच महत्त्वाची. दर वर्षी दोन-तीन टक्के किंमत कमी करा म्हणणारी कंपनी दुप्पट ओटी द्या असं सांगते, तेव्हा मधला कारखानदार तो पैसा वाळूच्या दर्जातून किंवा मजुरीतून काढतो. कारखानदाराशी भांडताना हे विसरू नये.

पत्र तीन ठिकाणी एकाच दिवशी जावं: कंपनीच्या वेबसाइटवरची तक्रार नोंदणी, तिथल्या अनुपालन विभागाचा ईमेल, आणि भारतातल्या उपकंपनीचं नोंदणीकृत कार्यालय (स्पीड पोस्टने). पोर्टलवर मिळालेला क्रमांक लगेच लिहून ठेवा. निनावी तक्रारीत तो हरवला तर पुढचा संवादच तुटतो.

परदेशातली दारं

जर्मन कंपनी असेल तर वाट तुलनेने सरळ आहे. तिथला पुरवठा साखळी कायदा १ जानेवारी २०२३ पासून जर्मनीत किमान ३,००० आणि २०२४ पासून किमान १,००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू झाला. बाहेरच्या माणसालाही, अगदी साखळीत दूर असलेल्या कामगारालाही, तक्रार करता येईल अशी यंत्रणा ठेवणं त्यांना बंधनकारक आहे आणि तक्रारदाराला त्रास होऊ न देण्याची तरतूदही त्यात आहे. कंपनीने दाद दिली नाही तर 'बाफा' या सरकारी कार्यालयाकडे अर्ज करता येतो. बारकावा असा की थेट पुरवठादाराबाबत कंपनीची जबाबदारी पूर्ण आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या कारखान्याबाबत तिला उल्लंघनाची ठोस माहिती मिळाल्यावर ती सुरू होते. म्हणूनच तुमचं पुराव्यासहित पत्र हीच ती ठोस माहिती ठरते. शिरोलीतला कारखाना पुण्यातल्या कंपनीमार्फत माल देत असेल, तर हे पत्र पोचल्याची तारीख सोन्याची आहे. या कायद्यातल्या अहवाल आणि दंडाच्या तरतुदी सैल करण्याची प्रक्रिया जर्मनीत चालू आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशी ताजा मजकूर तपासा.

फ्रान्सचा २०१७ चा दक्षता कायदा खूप मोठ्या कंपन्यांना (फ्रान्समध्ये ५,००० किंवा जगभर १०,००० कर्मचारी) लागू आहे आणि तिथे थेट न्यायालयात जाता येतं, पण फ्रेंच संघटनेची साथ लागते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी असाच निर्देश मंजूर केला. नंतर त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. आज त्याच्या भरवशावर बसू नका.

खरेदीदार ओईसीडीची सूत्रं मान्य केलेल्या कुठल्याही देशातला असला तरी उघडं असलेलं दार म्हणजे त्या देशाचं ओईसीडी राष्ट्रीय संपर्क केंद्र. भारत या सूत्रांना बांधलेला नाही, त्यामुळे इथे असं केंद्र नाही. तक्रार कंपनीच्या मायदेशी जाते. फी नाही. अर्जात प्रकरण पाच (रोजगार आणि औद्योगिक संबंध) आणि प्रकरण चार (मानवी हक्क) यांतल्या कुठल्या कलमांचा भंग झाला ते लिहायचं. केंद्र दंड करू शकत नाही. मध्यस्थी करतं आणि शेवटी जाहीर निवेदन काढतं. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या प्रकरणात ब्रिटनच्या केंद्राने २००९ मध्ये वेदांता कंपनीने सूत्रांचा भंग केल्याचं म्हटलं होतं. असं निवेदन गुंतवणूकदारांसमोर ठेवता येतं, एवढीच त्याची ताकद, पण ती कमी समजू नये.

वाहन उद्योगासाठी आणखी एक वाट आहे, आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना ती सगळ्यात जवळची. इंडस्ट्रीऑल या जागतिक कामगार महासंघाशी किंवा त्याच्या पूर्वसंघटनेशी बॉश (२००४), बीएमडब्ल्यू (२००५), सीमेन्स (२०१२) अशा कंपन्यांनी जागतिक करार केले आहेत. भारतातली संलग्न युनियन गाठा आणि तिच्यामार्फत प्रकरण कंपनीच्या मुख्यालयातल्या कामगार प्रतिनिधींपर्यंत पोचवा. जर्मनीतल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. त्यांनी विचारलेला प्रश्न खरेदी विभागाला टाळता येत नाही.

अमेरिकेचं दार वेगळं आणि धोकादायक आहे. १९३० च्या टॅरिफ कायद्याच्या कलम ३०७ खाली वेठबिगारीने बनलेला माल सीमेवर अडवता येतो. तमिळनाडूत दिंडीगुलच्या नाची अ‍ॅपरल कारखान्यात जानेवारी २०२१ मध्ये एका दलित कामगार तरुणीचा खून झाल्यानंतर स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या स्थानिक युनियनने आंतरराष्ट्रीय संघटनांच्या साथीने एप्रिल २०२२ मध्ये मालक कंपनीशी बंधनकारक करार केला, आणि एच अँड एम, गॅप, पीव्हीएच या ब्रँडांनीही त्याला जोडून करार केले. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेने त्या कारखान्याचा माल अडवण्याचा आदेश काढला आणि करारातली सुधारणा पाहून सप्टेंबरमध्ये मागे घेतला. कामगार आधी करारात बांधलेले होते म्हणून आदेशानंतरही कारखाना आणि नोकऱ्या टिकल्या. असा करार हाती नसताना या दाराकडे जाऊ नका. साधी ओटीची थकबाकी ही वेठबिगारी ठरत नाही. कर्जापोटी अडकवणं, कागदपत्रं काढून घेणं, वसतिगृहाबाहेर न सोडणं अशा खुणा लागतात.

ऊसतोडीत उचल घेऊन येणाऱ्या कोयत्यांच्या (ऊसतोड जोडप्यांच्या) बाबतीत त्या खुणा दिसतात. पण तिथे कारखाना मजुरांना आपले कामगार मानत नाही, मुकादमाचे मानतो, आणि साखर गोदामात सगळी एकत्र मिसळते. साखळी सिद्ध करणं फार कठीण. तिथे उचलीचा लेखी हिशेब हीच पहिली लढाई.

कुठे बिघडतं

खरेदीदाराच्या ऑडिटवर विसंबल्याने. तारीख आधी कळते, मास्क वाटले जातात, ठेकेदाराच्या माणसांना सुट्टी मिळते, दुहेरी रजिस्टरमधलं चांगलं पुढे येतं. कराचीच्या अली एंटरप्रायझेस कारखान्याला सप्टेंबर २०१२ मध्ये आग लागून अडीचशेहून जास्त कामगार मेले; काही आठवड्यांपूर्वीच त्याला एसए ८००० हे सामाजिक जबाबदारीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. ऑडिटर आला तर मुलाखत कारखान्याबाहेर, सुपरवायझर नसताना मागा.

मुदत चुकल्याने. त्याच आगीतल्या वारसांनी जर्मन खरेदीदार किक कंपनीविरुद्ध डॉर्टमुंडच्या न्यायालयात केलेला दावा २०१९ मध्ये मुदतबाह्य ठरला, कारण पाकिस्तानी कायद्याची मुदत लावली गेली. परदेशातल्या न्यायालयातही घरच्या कायद्याची घड्याळं चालतात.

फक्त मुख्य कंपनीला मालक ठरवायच्या हट्टाने. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेत युनियन कार्बाइडकडे भारतीय कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर होते, तरी १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि ती वाढवून मागणारी सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. मालकी सिद्ध करण्यापेक्षा खरेदीचं नातं आणि त्यातलं कर्तव्य दाखवणं आज जास्त फळ देतं.

न्यायालयाखेरीजचं दडपण कमी लेखल्याने. प्राडाने जून २०२५ मध्ये मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल नाव न घेता दाखवली. उच्च न्यायालयातली जनहित याचिका फेटाळली गेली. तरीही २०१९ चं भौगोलिक मानांकन, चर्मकारांचा आवाज आणि व्यापारी संघटनेचं थेट पत्र यांमुळे कंपनीने भारतीय परंपरेचं ऋण मान्य केलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी २,००० जोड इथे बनवून घेण्याचा करार झाला. जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. त्यातले कारागिराच्या हातात किती पडतात, हे विचारायचा हक्क या लेखातल्याच रीतीने बजावता येतो: नग, दर, तास, लेखी.

तडजोड लिहून घेताना

पैसे द्यायला तयार झाल्यावर घाई होते आणि तिथेच हातातलं निसटतं. 'पूर्ण व अंतिम' या शब्दांवर सही करण्याआधी त्यात पीएफ, बोनस आणि आजाराचे दावे गिळले जात नाहीत ना ते पाहा. तडजोड फक्त नमूद महिन्यांच्या ओटीपुरती आहे असं वाक्य घाला. करार समेट अधिकाऱ्यासमोर नोंदवा, म्हणजे मोडला तर वसुलीचा दाखला मागता येतो. सह्या तिघांच्या: कामगार किंवा युनियन, ठेकेदार, कारखाना. प्रत्येकाची रक्कम वेगळ्या तक्त्यात, तारखेसह, खात्यात जमा. एक प्रत खरेदीदाराच्या तक्रार क्रमांकावर पाठवा आणि प्रकरण 'अंमलबजावणी पडताळणीपर्यंत' उघडं ठेवायला सांगा. तीन महिन्यांनी सगळ्यांची पीएफ पासबुकं आणि पुढच्या ओटीच्या चिठ्ठ्या एकत्र तपासा. पुन्हा एकेरी दर दिसला तर नवा अर्ज न करता त्याच क्रमांकावर, त्याच दिवशी कळवा.